लेक ट्रकवर, काळजी घरी



मालट्रकचा चालक म्हटले, की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर कोणी दणकट पुरुषच उभा राहतो. हे चित्र हळूहळू बदलत आहे. मूळच्या नंदुरबारच्या आणि भोपाळला स्थायिक झालेल्या योगिता रघुवंशी यांच्याविषयी आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या बाईंनी पतीच्या अकाली निधनानंतर दोन मुलांच्या संगोपनासाठी ट्रकचे स्टिअरिंग हाती धरले आणि राज्याराज्यांतून माल पोचवला. २०२३ मध्ये आपल्या एसटीच्या बसवरही स्त्री चालक रुजू झाल्या. तरीही दूर पल्ल्याच्या मालवाहतुकीत स्त्रियांची संख्या आजही अगदी थोडी आहे. म्हणूनच ज्या घरातली लेक किंवा सून या व्यवसायात आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना अनुभवाचे चार शब्द सांगायला शेजारीपाजारी कोणी सापडत नाही.

ती खेपेवर निघते तेव्हा मुले आजीआजोबांच्या हवाली असतात. रात्री बाहेर पाऊस लागला की आजीचा डोळा लागत नाही. घाटातल्या अपघाताची बातमी दूरदर्शनवर दिसली की आजोबांचा रक्तदाब चढतो. ही काळजी अगदी स्वाभाविक आहे. आजच्या लेखात मला सांगायचे आहे ते हे, की या काळजीचा काही भाग तिच्या खरोखर उपयोगी पडू शकतो आणि काही भाग नकळत तिलाच धोक्यात घालू शकतो. या दोहोंतला फरक आपण नीट समजून घेऊ.

दाखल्यावर न विचारलेले प्रश्न

अवजड वाहनाच्या परवान्यासाठी, तसेच त्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला लागतो. नमुना १-अ असे त्याचे नाव. त्यात दृष्टी, रंगांची ओळख, रातांधळेपणा, श्रवणशक्ती, हातापायांतील व्यंग यांची तपासणी असते. हिमोग्लोबिन, झोप, लघवीच्या तक्रारी किंवा पाळी यांविषयी मात्र त्यात एक शब्दही नाही.

असा दाखला घेण्यासाठी मागे एक चाळिशीच्या बाई सासूबाईंना सोबत घेऊन आल्या होत्या. दृष्टी उत्तम, रक्तदाब योग्य. मी सहज विचारले, “रस्त्यावर असताना पाणी किती पिता?” त्या म्हणाल्या, “संध्याकाळी निघाले की सकाळी माल उतरवेपर्यंत घोटभर. जास्त प्यायले तर जायचं कुठं, डॉक्टर?” सासूबाई चकित होऊन सुनेकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षे एका घरात राहून ही गोष्ट त्यांच्या कानांवर कधी आली नव्हती.

पाणी आणि लघवी

दूर पल्ल्याच्या रस्त्यावर पुरुष चालक कुठेही आडोसा शोधतो. स्त्रीला ते शक्य नसते, म्हणून ती पाणी पिणेच टाळते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. भरपूर पाणी आणि वेळच्या वेळी लघवी हाच त्यांना वाहून नेण्याचा निसर्गाचा मार्ग आहे, आणि नेमका तोच बंद केला जातो. त्यातून जळजळ, वारंवार लघवीची भावना आणि ओटीपोटात दुखणे सुरू होते. थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शक्यता असते. अशा वेळी मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उन्हाळ्यात कमी पाण्याने डोके दुखते, लक्ष विचलित होते आणि मुतखड्याचाही धोका वाढतो.

यावर उपाय आहे तो थांबे आधी ठरवण्याचा. पेट्रोलपंपांवर स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. काही पंपांवर ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रामगृहेही आहेत. तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. नेहमीच्या मार्गावर दर तीन तासांच्या अंतराने एकेक स्वच्छ, उजेडाचे, माणसांचा वावर असलेले ठिकाण शोधून त्यांची यादी करावी. हे काम घरचे आजोबा आनंदाने करू शकतील. वहीत मार्ग, पंपाचे नाव, स्वच्छतागृह कसे आहे, रात्री उघडे असते का, असे रकाने आखावेत आणि प्रत्येक खेपेनंतर तिला विचारून ते भरावेत. पाचसहा खेपांनंतर ही वही कोणत्याही औषधापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

झोप, तीही अखंड

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे निद्राशास्त्राच्या प्रयोगांत आढळले आहे. आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेली आपली लेक केवळ जागरणामुळे त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत स्टिअरिंगवर बसलेली असू शकते. शरीराच्या घड्याळानुसार पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेचा जोर सर्वाधिक असतो. थकलेल्या मेंदूला चार सेकंदांची डुलकी लागली, तर ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक तेवढ्यात सुमारे सदुसष्ट मीटर पुढे गेलेला असतो, आणि तेवढे अंतर त्याला चालक नसतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असा दंडक घातला. प्रत्यक्षात माल वेळेत पोचवण्याची घाई या दंडकाला किती जुमानते, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु मला आज बोलायचे आहे ते घराविषयी.

रात्रभर गाडी चालवून पुरुष घरी परतला, की घर दबक्या पावलांनी वावरते. “बाबा झोपलेत, आवाज करू नका,” असे मुलांना बजावले जाते. स्त्री परतते तेव्हा ओट्यावर भांडी असतात, मुलांचे गणवेश धुवायचे असतात, दळण आणायचे असते, कोणी पाहुणे येऊन बसलेले असतात. ती दुपारी तासभर आडवी होते आणि संध्याकाळी पुन्हा निघते. या तासाभराच्या झोपेवर ती रात्रीचा घाट उतरणार असते.

आजी-आजोबांनो, येथे आपला शब्द घरात चालतो. तिच्या झोपेचे रखवालदार व्हा. परतल्यावर सलग सातआठ तासांची झोप मिळेपर्यंत तिला कोणतेही काम सांगायचे नाही, हा घरचा नियम आपण घालून द्या. खोलीत अंधार करा, दाराची घंटा बंद ठेवा, तिचा फोन आपल्याजवळ घ्या. मुलांना आईला भेटायची ओढ असणारच. त्यांना अर्धा तास तिच्या कुशीत बसू द्या आणि मग बाहेर न्या. स्वयंपाक आपल्या गुडघ्यांना झेपत नसेल तर त्या दिवशी वरणभात पुरे, किंवा नातवाच्या बाबांनी पोळ्या लाटाव्यात. सुनेच्या कष्टांचे कौतुक करणाऱ्या घरांतही ही एक गोष्ट राहून जाते.

वाटेत झोप दाटून आली, तर खिडकी उघडणे, गाणी लावणे, डोळ्यांवर पाणी मारणे यांचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. सुरक्षित जागी गाडी लावून, दारे आतून बंद करून पंधरावीस मिनिटे झोपणे हाच उपाय. झोपण्यापूर्वी अर्धा कप चहा घेतल्यास उत्तम, कारण त्याचा परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या अनेक गोळ्या, तसेच खोकल्याची काही औषधे झोप आणतात. कोणतेही औषध घेताना “मी गाडी चालवते” हे डॉक्टरांना आणि औषध दुकानदारालाही सांगण्याची सवय तिला लावावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर निघण्यापूर्वी साखर तपासणे आणि खिशात गूळ किंवा ग्लुकोज ठेवणे अत्यावश्यक आहे. पुरेशी झोप होऊनही सकाळी डोके जड असेल, घोरणे वाढले असेल, दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हा विकार वाढतो, आणि घोरणे हा पुरुषांचाच प्रांत समजल्याने तो ओळखला जात नाही.

“कुठवर पोचलीस?”

काळजीने केलेला फोन तिला कसा महाग पडतो, हे आता पाहू. चालत्या गाडीत घरचा फोन वाजला, की आईचे मन तो उचलल्याशिवाय राहत नाही, “मुलाला तर काही झाले नसेल?” हा पहिला विचार. हात मोकळे ठेवून बोलले तरी लक्ष विभागले जातेच. म्हणून तिच्याशी स्पष्ट ठरवून घ्यावे: गाडी चालू असताना आपण फोन करणार नाही, ठरलेल्या थांब्यावर तीच करील. फोनवरून तिचे स्थान घरी दिसत राहील अशी सोय नातवंडे पाच मिनिटांत करून देतात. ठरलेल्या वेळेनंतर किती वेळ वाट पाहायची आणि मग पहिला फोन कोणाला करायचा, हेही आधीच लिहून ठेवावे. एक तास झाला की मालकाच्या कार्यालयाला, त्यानंतर सोबतच्या गाडीच्या चालकाला, असा क्रम असला की घरच्यांची तगमग बरीच कमी होते. आणि हो, मुलाला ताप आला किंवा शाळेतून तक्रार आली, ही बातमी रात्री अकराला घाटाच्या तोंडाशी असलेल्या आईला सांगून काहीच साधत नाही. मुलाला औषध द्या, ती पोचली की सांगा.

पाळी, गोळ्या आणि रक्त

खेपेच्या तारखा आणि पाळीच्या तारखा एकत्र आल्या की अनेक जणी पाळी लांबवण्याच्या गोळ्या परस्पर घेतात. सणासुदीला, पूजेसाठी या गोळ्या देण्याचा प्रघात आपल्याकडे घरोघरी आहे, त्यामुळे त्यांत काही धोका असेल असे वाटत नाही. परंतु या गोळ्यांनी, तसेच काही गर्भनिरोधक गोळ्यांनी, शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. आणि तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसण्यानेही ती वाढतेच. दोन्ही एकत्र येऊ नयेत. वजन जास्त असेल, तंबाखूचे व्यसन असेल, पूर्वी गुठळी झाली असेल किंवा घरात कोणाला तसा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर तातडीने तपासावे. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे ही तर थेट रुग्णालय गाठण्याची लक्षणे.

पाळीच्या दिवसांत पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावा. थांबे दूर असतील तर मासिक पाळीचा कप सोयीचा पडतो. तो बारा तासांपर्यंत ठेवता येतो, मात्र वापरण्याची सवय प्रथम घरी असताना करावी. अंगावरून जास्त जात असेल तर त्याकडे दुर्लक्ष नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षय असलेली स्त्री लवकर थकते, घेरी येते, आणि हे सगळे जागरणाच्या खाती मांडले जाते. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे.

डब्याचा प्रश्न आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. गाडीमार्गे प्रवास करणाऱ्या माणसाबरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देणारी ही आपली परंपरा. दशमी, भाजलेले फुटाणे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, एखादे फळ हा डबा टिकतो, पोषण देतो आणि ढाब्यावरच्या तेलकट जेवणासारखी सुस्ती आणत नाही. रात्रीचे जेवण हलके असावे.

पाठ, पाय आणि अंग बाहेर येणे

ट्रकच्या आसनाची आणि पेडलांची रचना पुरुषाच्या उंचीच्या हिशेबाने झालेली असते. उंचीने लहान असलेली स्त्री पुढे सरकून, पाठ आसनाला न टेकवता चालवते आणि कंबर दुखून येते. कमरेमागे घट्ट उशी आणि पाय पूर्ण पोचतील असे आसन लावून घेणे हा पहिला उपाय. उतरताना उडी न मारता केबिनकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून पायरी पायरीने उतरावे. अनेक तासांच्या हादऱ्यांनंतर कण्याच्या चकत्या लगेच ओझे पेलायला तयार नसतात. म्हणून उतरल्याबरोबर ताडपत्री ओढणे किंवा गोणी उचलणे टाळून पाचदहा मिनिटे चालावे. बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना खोकताना लघवी सुटणे, खाली काही उतरल्यासारखे वाटणे असा त्रास असतो. ‘अंग बाहेर येणे’ असे आपण त्याला म्हणतो आणि तो लाजेने लपवला जातो. हादरे आणि ओझे यांनी तो वाढू शकतो, आणि लवकर दाखवल्यास व्यायामानेही बराच आटोक्यात येतो. लाज न बाळगता हे विचारण्याचे काम सासूने किंवा आईनेच करावे. गर्भारपणाची शंका आली, तर पुढची खेप डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

२०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. स्त्रीच्या दृष्टीने त्याचा आणखी एक लाभ असा, की काचा बंद ठेवून विश्रांती घेता येते. जुन्या गाडीत ती सोय नाही; तेथे थांब्याची निवड अधिक दक्षतेने करावी लागते.

वाटेवरची सुरक्षितता आणि घरातला कान

रात्रीचा मुक्काम निर्जन रस्त्याच्या कडेला नको. उजेड, कॅमेरे आणि कर्मचारी असलेल्या पंपावरच असावा. संकटात ११२, महिलांसाठी १८१, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि आपल्या राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक केबिनमध्ये आणि घरच्या भिंतीवरही ठळक अक्षरांत लावावेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कार्यालयाच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त जावे लागते ती प्रत्येक जागा त्यात येते. लहान मालकाकडे काम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार करता येते.

परंतु तक्रार करण्यापूर्वी ती घरी बोलते. गोदामात कोणी अभद्र बोलले, रात्री केबिनच्या दारावर कोणी थाप मारली, हे ती सांगते तेव्हा घाबरून आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, “मग सोडून दे हे काम.” हे वाक्य दोनदा ऐकले की ती सांगणेच बंद करते, आणि मग तिच्यावरचा धोका आपल्याला कळतही नाही. तिचे बोलणे पूर्ण ऐकावे. “आता आपण काय करायचं?” असे विचारावे. निर्णय तिचा असू द्यावा. मुलांपासून दूर राहिल्याची टोचणी, एकटेपणा, सतत रडू येणे, जेवणावरची वासना उडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर १४४१६ या ‘टेलीमानस’ क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि आपली प्रकृती?

आजीआजोबा हे या घरातले दुसरे चालक आहेत. ती रस्त्यावर असताना मुलांचा सारा भार आपल्यावर असतो, म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवणे, “ती आली की बघू” म्हणत छातीतले दुखणे अंगावर काढणे परवडणारे नाही. आपल्याला रात्री बरे वाटेनासे झाले तर मुलांजवळ कोण येऊन बसेल, अशा एका शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे. रात्रभर जागून तिचा प्रवास सुरक्षित होत नाही. ठरलेल्या थांब्यावरून तिचा फोन आला की आपणही झोपावे.

पुढची खेप निघण्यापूर्वी एवढे मात्र जरूर करा: तिला समोर बसवून विचारा, “काल किती झोपलीस? वाटेत पाणी पितेस का? कुठे थांबणार?” उत्तरे ऐका आणि थांब्यांच्या वहीत लिहून घ्या.